सावित्रीबाई एकट्या नव्हत्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपल्या विषयाकडे वळते.

संयोजकांनी मला शिक्षणावर बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण हा आपल्या समाजाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. परंतु आपण शिक्षणावर बोलतो तेव्हा बहुधा शिकणाऱ्याविषयी बोलतो. कोण कोठवर शिकले, कोणाला कोणती पदवी मिळाली, कोणाची मुलगी डॉक्टर झाली, याची आपण अभिमानाने नोंद ठेवतो, आणि ती ठेवलीच पाहिजे. आज मात्र मी शिकवणाऱ्याविषयी, आणि त्यातही नुकतेच शिकवू लागलेल्या तरुण शिक्षकाविषयी बोलणार आहे. दुःखाने पोळलेले मूल वर्गात येऊन बसते तेव्हा त्याचे दुःख शिक्षकाच्या मनात उतरते. त्या उतरलेल्या दुःखाचे पुढे काय होते, हा माझा विषय.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. आपल्या काही मुली-सुना या देशात शिक्षकी पेशात आल्या आहेत. कोणी येथील 'पाबो'मध्ये, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात, शिकत आहेत. कोणी परदेशातून नव्याने आलेल्या मुलांना डच शिकवतात. अशा नव्या शिक्षकांच्या सोबत मी काम करते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्यापैकी काहींच्या तोंडी एकच वाक्य येते : "शिकवणे मला जमते, पण ऐकणे सोसत नाही." हे वाक्य मी आज आपल्यापुढे ठेवते आहे.

प्रथम या दुःखाचे नाव सांगते. इ. स. १९९० मध्ये मॅककॅन आणि पर्लमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, आघातग्रस्त माणसांचे अनुभव सतत ऐकणाऱ्याच्या मनाची घडणच हळूहळू बदलते. जगाविषयीचा विश्वास, माणसांविषयीचा भरवसा आणि स्वतःच्या सुरक्षिततेची जाणीव, या सर्वांस तडा जातो. पुढे १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली यांच्या ग्रंथाने 'करुणेचा थकवा' ही संज्ञा रूढ केली. व्यवसायाच्या निमित्ताने भीषण घटनांचे तपशील वारंवार समोर येणे, हेही आघाताचे कारण ठरू शकते, ही गोष्ट अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानग्रंथाने मान्य केली. प्रारंभी ही चर्चा डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांच्यापुरती होती. शिक्षकाकडे लक्ष उशिरा गेले. वास्तविक डॉक्टरकडे मूल वीस मिनिटे बसते. शिक्षकाकडे ते दिवसाचे पाच-सहा तास आणि वर्षाचे दहा महिने असते.

शास्त्राने नाव उशिरा दिले, तरी अनुभव जुना आहे. तो पाहण्यासाठी आपल्याला पुण्याला जावे लागेल.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा सावित्रीबाईंचे वय सतरा वर्षांचे होते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या एक नवशिक्या शिक्षिका होत्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई आणि म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, ही आठवण आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. परंतु हा झाला बाहेरचा मारा. वर्गाच्या आत काय होते, याकडे आपण फारसे पाहत नाही.

वर्गाच्या आत मुक्ता होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आपण तो निबंध विद्रोहाचा पहिला हुंकार म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. आज तो शिक्षिकेच्या जागी बसून वाचा. चौदा वर्षांची विद्यार्थिनी लिहिते की, आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरले जाई. ती लिहिते की, तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या महार-मांगाचे शिर कापून त्याचा चेंडू केला जाई. ती बाळंतिणीच्या अंगावर छप्पर नसल्याचे लिहिते, थंडीवाऱ्याचे लिहिते, आणि मग ज्या धर्मात आम्हांस स्थान नाही तो धर्म आमचा कसा, असा प्रश्न विचारते. हे सारे त्या मुलीच्या पाटीमागे रोज बसलेले होते. ज्यांनी तिला अक्षर दिले, त्यांनाच तिच्या अक्षरांतून हे ऐकावेही लागले. मुलाला वाणी देणाऱ्या शिक्षकाला त्या वाणीतून जे बाहेर येईल ते ऐकण्याची सिद्धता ठेवावी लागते. अध्यापनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा धडा अद्याप पुरेसा शिकवला जात नाही.

मग सावित्रीबाईंनी हे कसे सोसले? आपण सहज म्हणतो की त्या थोर होत्या, म्हणून त्यांनी सोसले. थोरवी निर्विवाद आहे, परंतु एवढे उत्तर पुरत नाही. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारी होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी, नायगावास गेल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रात आपल्या माघारी फातिमावर कामाचा फार भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख आहे. बंधू-भगिनींनो, या एका उल्लेखात फार मोठी गोष्ट सामावली आहे. सावित्रीबाई आजारी पडू शकत होत्या. त्या शाळा सोडून काही काळ माहेरी जाऊ शकत होत्या. त्यांच्या माघारी काम उचलणारी सहकारी होती. तिच्या कष्टांची आठवण ठेवून लिहिण्यासारखे पती घरी होते. त्यापूर्वी जोतीरावांना लहानपणी सांभाळलेल्या आणि सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकलेल्या सगुणाबाई क्षीरसागर होत्या. म्हणजे सावित्रीबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या सोसण्यामागे माणसांचे एक लहानसे पण घट्ट वर्तुळ उभे होते.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण सावित्रीबाईंचे नाव कधी कधी चाबकासारखे वापरतो. मुलगी शाळेतून थकून येते, जेवत नाही, रडते. आपण तिला म्हणतो, "सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले, आणि तुझ्या या गरम केलेल्या वर्गात तुला काय झाले?" आपल्या आजी-आजोबांनी दगडाची खाण पाहिली, गिरणी पाहिली, गावकुसाबाहेरची वस्ती पाहिली. त्या मोजपट्टीने मोजले की आजचे प्रत्येक दुःख लहान दिसते. परंतु दुःख मोजून लहान ठरवल्याने हलके होत नाही, ते फक्त मुके होते. मुके झालेले दुःख काय करते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता आपण ज्या भूमीवर राहतो, तिच्याकडे वळू. येथील इतिहासातही या विषयाचा एक मोठा धडा आहे, आणि तो आम्सटरडॅममध्ये ट्रामच्या रस्त्यावर आहे.

जर्मन ताब्याच्या काळात प्लांटाज मिडनलान या रस्त्यावरील एका नाट्यगृहात ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे पाठवण्यापूर्वी डांबले जाई. लहान मुलांना आईबापांपासून वेगळे करून समोरच्या बालसंगोपनगृहात ठेवले जाई. त्याला लागूनच शिक्षक घडवणारे एक अध्यापक विद्यालय होते आणि त्याचे प्रमुख होते योहान व्हान हुल्स्ट, वय अवघे बत्तीस. संगोपनगृहाच्या प्रमुख हेन्रिएटा पिमेंटेल आणि नाट्यगृहात व्यवस्था पाहणारे वाल्टर स्यूस्किंड यांच्या साथीने १९४३ साली मुलांना कुंपणावरून अध्यापक विद्यालयाच्या बाजूला आणून, तेथून गुप्तपणे सुरक्षित घरी पोहोचवण्याचे कार्य झाले. शिक्षक होण्यासाठी आलेल्या काही विद्यार्थ्यांचाही या कामात हातभार लागला. ट्राम थांबली की पहारेकऱ्याची नजर अडे आणि तेवढ्यात एखादे मूल बाहेर काढले जाई. सुमारे सहाशे मुले अशा रीतीने वाचली. पिमेंटेल आणि स्यूस्किंड मात्र वाचले नाहीत.

सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस संगोपनगृह रिकामे करण्यात आले. त्या शेवटच्या दिवशी व्हान हुल्स्ट यांना ठरवावे लागले की किती मुले बरोबर न्यायची. त्यांनी बारा नेली. पुढे ते शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले, त्यांना आंतरराष्ट्रीय गौरव मिळाला, आणि २०१८ साली वयाच्या एकशे सातव्या वर्षी ते वारले. एवढ्या दीर्घ आयुष्यात वाचवलेल्या मुलांचे समाधान त्यांना पुरले नाही. तेरावे मूल का नेले नाही, हाच प्रश्न ते स्वतःला विचारत राहिले. आज त्याच इमारतीत राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे, ते २०२४ साली उघडले. मुलांना घेऊन आपण तेथे अवश्य जावे.

नव्या शिक्षकाचे दुःख नेमके याच जातीचे असते. प्रसंग अर्थातच लहान असतो. परंतु शुक्रवारी संध्याकाळी तिला वर्गातील वाचन शिकलेली वीस मुले आठवत नाहीत. जे एक मूल दिवसभर कोपऱ्यात गप्प बसले, तेच आठवते. 'तेरावे मूल' तिच्याबरोबर घरी येते.

आजचे वर्ग कसे आहेत, हे थोडक्यात सांगते. या देशात पाच ते सोळा वर्षांच्या मुलास शिक्षण सक्तीचे आहे आणि आश्रयासाठी आलेल्या मुलासही शाळेचा हक्क आहे. बारा वर्षांवरील नवागतांसाठी 'स्खाकलक्लास' म्हणून ओळखले जाणारे जोडवर्ग आहेत. तेथे प्रथम भाषा शिकवून मग मुलाला नेहमीच्या शाळेत पाठवले जाते. २०१५ च्या सुमारास सिरियातून मुले आली, २०२२ पासून युक्रेनमधून आली, त्याखेरीज एरिट्रिया, अफगाणिस्तान, येमेन येथूनही येत राहिली. काही एकटीच आली. आणि शिक्षकांची टंचाई असल्याने या वर्गांवर अनेकदा अगदी नव्या शिक्षकांची नेमणूक होते.

अशा वर्गात आघात मोठ्या आवाजात येत नाही. तो पाठ्यपुस्तकातून येतो. भाषेच्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या पाठाला कुटुंब येते : वडील, आई, भाऊ, बहीण. पुस्तक विचारते, तुला किती भाऊ आहेत? एक मूल बोटे मोजते, थांबते, आणि शिक्षिकेला विचारते, "जो आता नाही, तो मोजायचा का?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत नसते. या देशात महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता धोक्याच्या भोंग्याची चाचणी होत आली आहे. आपण तिकडे लक्षही देत नाही. पण बॉम्बहल्ल्यातून आलेले मूल त्या आवाजाने बाकाखाली शिरते. जाणत्या शिक्षिका आधीच्या शुक्रवारी मुलांना ते समजावून सांगतात. वर्षभराने काय होते? मुले हळूहळू सरावतात आणि शिक्षिकाच पावणेबारापासून घड्याळाकडे पाहू लागते. भीती एका देहातून दुसऱ्या देहात कशी जाते, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

नव्या शिक्षकांनाच हे अधिक का जाणवते? त्याची काही कारणे आहेत. पहिले कारण असे की त्यांना अजून सर्वच गोष्टी नव्या असतात. पाठाची तयारी, वर्गाची शिस्त, पालकांची पत्रे, तपासणी, यांतच त्यांची सारी शक्ती खर्च होते. मनाला उसंत मिळत नाही. दुसरे कारण, आपण कोठवर जबाबदार आहोत याची रेषा अनुभवानेच आखता येते, आणि अनुभव तर अजून यायचा असतो. म्हणून नवी शिक्षिका मुलाला हिवाळ्याचे बूट घेऊन देते, रात्री उशिरा त्याच्या निरोपांना उत्तरे देते, सुटीत त्याच्या वकिलाला पत्र लिहिते. तिसरे कारण, आपली तक्रार म्हणजे आपली अपात्रता, अशी तिला भीती वाटते. नोकरी कायम झालेली नसते. महाराष्ट्रातही काय आहे? २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राबवण्याची योजना आली. प्राथमिक शाळेतील मानधन तेव्हा महिना ३,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. ज्या वर्षांत आधार सर्वांत अधिक हवा, त्याच वर्षांत सर्वांत अधिक अस्थिरता, ही स्थिती येथे आणि तेथे सारखीच आहे.

चौथे कारण खास आपले आहे. आपल्या घरातून आलेली शिक्षिका मुलाचे दुःख ऐकते तेव्हा ते तिला परके वाटत नाही. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनात सातारच्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गात वेगळे बसणे, बसायला घरून नेलेले गोणपाट, ते पुन्हा घरी न्यावयाचे कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. हा मजकूर आपल्याला पाठ आहे. कोणाच्या आईने, कोणाच्या काकांनी अशीच काही गोष्ट सांगितलेली असते. म्हणून वर्गातील एखादे मूल जेव्हा म्हणते की छावणीत आम्हांला वेगळ्या रांगेत उभे करीत, तेव्हा आपल्या मुलीच्या मनात दोन आवाज एकदम बोलू लागतात, एक त्या मुलाचा आणि एक आपल्या घराचा. हे तिचे सामर्थ्य आहे, कारण तिला मुलाचे म्हणणे लवकर समजते. हाच तिला धोकाही आहे, कारण तिची स्वतःची जखम त्या मुलाच्या जखमेबरोबर वाहू लागते.

अशा वेळी माणूस दोन वाटा शोधतो. एक वाट जळण्याची. शिक्षिका मुलाच्या दुःखात इतकी बुडते की तिची झोप जाते, घरच्यांशी बोलणे तुटते, रविवारी दुपारपासून छातीत धडधड सुरू होते, आणि एक दिवस ती राजीनामा लिहिते. दुसरी वाट दगड होण्याची. "अशी मुले पुष्कळ पाहिली," असे म्हणत ती मुलाकडे पाहणेच बंद करते. गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याकडे न पाहता फळ्यावर लिहिणारे शिक्षक जगाच्या प्रत्येक देशात झाले आहेत. त्यांतले सगळेच जन्मतः निष्ठुर नसतील. काहींनी पाहवत नाही म्हणून पाहणे सोडले असेल. परंतु बाकावरच्या मुलाला या दोहोंत फरक कळत नाही.

या दोन्ही वाटा आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखल्या होत्या. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रूरता, आणि जवळचा शत्रू शोक. जवळचा अशासाठी की तो करुणेसारखाच दिसतो आणि म्हणून ओळखू येत नाही. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः कोसळणे म्हणजे करुणा, असा समज आपल्याकडे आहे. बुद्धघोष सांगतात की तो करुणेचा वेश घेतलेला शोक होय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा ही धम्माची दोन आधारतत्त्वे मानली, त्याचा अर्थ शिक्षकाच्या नोकरीत असा उतरतो : करुणेने मुलाजवळ जावे, आणि आपले काम कोणते, आपले नसलेले काम कोणते, हे प्रज्ञेने ठरवावे.

मग शिक्षकाचे काम कोणते? येथे मला या देशातील आणखी एका थोर पुरुषाचे स्मरण करावेसे वाटते. डॉ. हान्स कायल्सन हे जर्मनीतील ज्यू डॉक्टर १९३६ साली हॉलंडमध्ये आले. त्यांच्या आईवडिलांचा आउशवित्झमध्ये अंत झाला. ते स्वतः भूमिगत राहून, निरनिराळ्या घरांत लपवलेल्या ज्यू मुलांना भेटत, त्यांच्याशी बोलत. युद्धानंतर त्यांनी ज्यू अनाथ मुलांसाठी आयुष्य वेचले. पुढे अशा २०४ जणांचा दीर्घ अभ्यास करून त्यांनी १९७९ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला.

त्यांनी मुलांच्या आघाताचे तीन टप्पे पाडले. पहिला, संकट घिरट्या घालू लागते तो. दुसरा, प्रत्यक्ष छळाचा, म्हणजे छावणीचा किंवा लपून राहण्याचा. तिसरा, युद्ध संपल्यानंतरचा. त्यांना असे आढळले की तिसरा टप्पा निर्णायक असतो. दुसऱ्या टप्प्यात भयंकर भोगलेले मूल जर तिसऱ्यात समजूतदार माणसांच्या हाती आले, तर ते पुढे बरे सावरते. आणि दुसऱ्यात तुलनेने कमी भोगलेले मूल तिसऱ्यात दुर्लक्षिले गेले, तर त्याची अवस्था अधिक वाईट होते.

बंधू-भगिनींनो, शाळा हा तिसरा टप्पा आहे. नव्या शिक्षिकेला सांगण्यासारखी याहून धीराची गोष्ट कोणती? जे घडून गेले ते तिला पुसता येणार नाही, आणि ते तिचे कामही नाही. मुलाची कहाणी खणून काढणे हेही तिचे काम नाही. त्यासाठी तज्ज्ञ असतात. तिचे काम तिसऱ्या टप्प्याचे. सकाळी त्याच वेळी दार उघडणे, त्याच्या नावाचा उच्चार नीट करणे, दिलेला शब्द पाळणे, उद्या काय होणार ते आज सांगणे, चुकले तर अपमान न करता सुधारणे. ही कामे दिसायला क्षुल्लक आहेत. पण ज्या मुलाच्या जगात कशाचाच भरवसा उरला नाही, त्याला सोमवारी सकाळी साडेआठला उघडणारे दार हाच पहिला भरवसा असतो. कायल्सन स्वतःही जखमी होते, हेही ध्यानात घ्यावे. आपली जखम घेऊनही त्यांनी वयाच्या एकशेएक वर्षांपर्यंतचे आयुष्य अर्थपूर्ण केले.

आता उपायांविषयी चार शब्द बोलते. या देशाच्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली आहे. १ जुलै २०१३ पासून शाळांना 'मेल्डकोड' बंधनकारक आहे. मुलाच्या घरी मारहाण अथवा छळ होत असल्याची शंका आली, तर शिक्षकाने कोणत्या पाच पायऱ्यांनी जायचे ते त्यात ठरवले आहे. पहिली पायरी, दिसलेली चिन्हे नोंदवणे. दुसरी, सहकाऱ्याशी आणि गरज वाटल्यास 'फैलिख थाउस' या केंद्राशी सल्लामसलत करणे. त्यानंतर पालकांशी बोलणे, गांभीर्य तोलणे आणि निर्णय घेणे. यातील दुसरी पायरी मला फार मोलाची वाटते. जे कळले ते एकट्याने पोटात ठेवायचे नाही, हे येथे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. ही पायरी मुलाच्या रक्षणासाठी आहे, परंतु तिने शिक्षकाचेही रक्षण होते. युद्धाच्या किंवा प्रवासाच्या कहाण्यांबाबत असा कायदा नाही. तेथेही हीच रीत आपण स्वतः पाळावी.

म्हणून आपल्या तरुण शिक्षक-शिक्षिकांना माझी विनंती आहे. मुलाने काही भयंकर सांगितले, तर त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी, शाळेतील एका जाणत्या सहकाऱ्याला ते सांगा. मुलाला "कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नका. "ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन, आणि तुला विचारून सांगेन" असे म्हणा. निरोपांना उत्तर देण्याची वेळ ठरवा. झोप उडाली, विनाकारण चिडचिड होऊ लागली, एखाद्या मुलाला टाळावेसे वाटू लागले, तर ती आपली नालायकी समजू नका. भाजलेल्या हाताला फोड येतात, तसे हे आहे. आपल्या घरच्या डॉक्टरांकडे जा. आणि शाळेला निःसंकोच विचारा : माझ्या पहिल्या वर्षात मला मार्गदर्शक कोण, आणि त्याच्यासाठी आठवड्यातला कोणता तास राखून ठेवला आहे? हे विचारणे हा हक्क आहे, याचना नव्हे.

आपल्या कुटुंबांनाही माझी एक विनंती आहे. मुलगी शाळेतून आली की तिला मोजपट्टी दाखवू नका. प्रथम चहा द्या. तिला बोलू द्या, पण मुलांची नावे विचारू नका. ती सांगण्याची तिला मुभा नसते. उपाय सुचवण्याची घाई करू नका. ऐकून घेणारे एक घर असले की पुष्कळ हलके होते. आणि आपल्या मुलांच्या शिक्षिका, मग त्या डच असोत, सुरीनामी असोत की मोरोक्कन, त्याही याच आगीतून जात असतात. पालकसभेला आपण केवळ गुण विचारतो. एकदा त्यांनाही विचारावे, "तुम्ही कशा आहात?"

आपल्या मंडळानेही काही करावे. वर्षातून एकदा आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो करीत राहू. त्याच्या जोडीला दोन महिन्यांतून एकदा आपल्यातील शिक्षक-शिक्षिकांची एक लहानशी बैठक व्हावी, असे मी सुचवते. तीत भाषणे नकोत, हारतुरे नकोत. ज्येष्ठांनी नव्यांचे ऐकावे, एवढेच. त्याला खर्च नाही, मोठे सभागृह लागत नाही. कोणाचेही बैठकीचे दालन पुरेल. सावित्रीबाई आजारी असताना शाळा चालू राहिली, कारण भार वाटून घेणारे हात होते. तसे हात आपल्यापाशीही आहेत, ते पुढे यावेत.

एक मूल शिकावे म्हणून आपल्या पूर्वजांनी किती किंमत मोजली, हे आपण जाणतो. त्या मुलाला शिकवणाऱ्या व्यक्तीने ती किंमत पुन्हा एकटीने मोजावी, असे त्यांना खचित वाटले नसते. आपल्या मुलींनी मुक्तासारख्या विद्यार्थिनी घडवाव्यात, त्यांचे दुःख धीराने ऐकावे, आणि ऐकूनही स्वतः उभ्या राहाव्यात. त्या उभ्या राहाव्यात यासाठी आपण त्यांच्या पाठीशी राहू या.

 भवतु सब्ब मंगलं.

जय भीम!